हेल्मेटच्या पोटात काय असतं?

मुलांनो, शाळा सुटली की फाटकाशी जरा उभं राहून बघा. स्कूटरवर बाबा, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट. पुढे उभी छकुली, मागे दप्तर अडकवलेला दादा. दोघांची डोकी उघडी! जणू स्कूटर घसरली तर फक्त बाबाच आपटणार.

बरं, हेल्मेट वाचवतं कसं? तुम्ही म्हणाल, वरचं कवच टणक म्हणून. हे अर्धंच उत्तर झालं. कवच टोकदार दगड आत घुसू देत नाही, धक्का पसरवतं. खरी कामगिरी आतल्या थर्माकोलची. हो, पूर्वी गणपतीच्या मखराला वापरायचे त्याच जातीचा, पण जास्त घट्ट. डोकं आपटलं की तो चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडा अवधी मिळतो. क्रिकेटचा झेल घेताना तुम्ही हात मागे नेता ना? अगदी तसंच. नाहीतर कवटी एकदम थांबते आणि आतला नाजूक मेंदू तिच्यावर आदळतो.

मात्र चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, ते बाद!

१९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून चालले होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी ते वारले. त्यांना तपासणारे मेंदूचे डॉक्टर ह्यू केर्न्स यांनी मग अशा अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. चेपणाऱ्या अस्तराचं पेटंट अमेरिकेत १९५३ मध्ये मिळालं.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट हवंच (पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे). त्याहून लहानग्यांसाठी २०२३ पासून हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा, शिवाय वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

आईचं हेल्मेट तुम्हाला चालायचं नाही. दुकानात आयएसआयची खूण शोधा. आत नुसता स्पंज असेल तर ते पोलिसांना दाखवायचं टोपडं! घालून हनुवटीखालचा पट्टा लावा आणि मान जोरात हलवा. हेल्मेट डोळ्यांवर आलं? मग सरळ म्हणा, "काका, लहान साईज दाखवा."