उसाच्या रसातील साखर कशी मोजतात?

उसाचे वजन काट्यावर कळते. त्यातील साखर मात्र काट्याला कळत नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि राज्यात सहकारी कारखानदारीचा पाया घातला गेला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापक हे उपकरण महत्त्वाचे असते. उसाचा दर साखर उताऱ्याशी निगडित असल्याने त्याचे कार्य सभासदांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

साध्या प्रकाशाची कंपने अनेक दिशांनी होतात. ती एकाच प्रतलात आणली म्हणजे त्यास ध्रुवित प्रकाश म्हणतात. साखरेचा रेणू व त्याचे आरशातील प्रतिबिंब, डाव्या-उजव्या हातांप्रमाणे, एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. अशा पदार्थाच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल काही अंशांनी वळते. फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी द्रवांचा हा गुणधर्म १८१५ मध्ये दाखवून दिला.

हे वलन नळीची लांबी व द्रावणाची तीव्रता यांवर अवलंबून असते. म्हणून मोजलेल्या अंशांना नळीची डेसिमीटरमधील लांबी आणि दर मिलिलिटरमधील ग्रॅम यांच्या गुणाकाराने भागतात. येणारी संख्या म्हणजे त्या पदार्थाचे विशिष्ट वलन होय.

उदाहरणार्थ, १० ग्रॅम शुद्ध साखरेचे १०० मिलिलिटर द्रावण केले, तर तीव्रता ०.१० होते. २० सेंटिमीटर, म्हणजेच २ डेसिमीटर नळीत वलन १३.३ अंश आढळले, तर १३.३ ÷ (२ × ०.१०) = ६६.५. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २० अंश सेल्सिअसला साखरेचे विशिष्ट वलन सुमारे एवढेच असते. आता हीच संख्या उलट वापरता येते. त्याच नळीत दुसऱ्या द्रावणाचे वलन १०.६४ अंश भरले, तर १०.६४ ÷ (६६.५ × २) = ०.०८, अर्थात १०० मिलिलिटरमध्ये ८ ग्रॅम साखर.

उतारा ठरतो तो गाळलेल्या उसातून प्रत्यक्ष निघालेल्या साखरेवरून. परंतु रसातून किती साखर आली आणि चिपाडात व मळीत किती गेली, याचा हिशेब ध्रुवणमापकामुळे मिळतो.

तोडलेला ऊस पडून राहिल्यास साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. ग्लुकोज प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर फ्रुक्टोज त्याहून अधिक जोराने डावीकडे. परिणामी मोजलेले अंश घटतात आणि पोत्यात पडणारी साखरही घटते. तोडणीनंतर ऊस विनाविलंब गव्हाणीत पडावा, या आग्रहामागील शास्त्र ते हेच.