पीस गळतंय की उपटलं जातंय?

वसईतल्या सांडोरच्या वाड्यांमध्ये ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत, त्यांना हे ठाऊक असतं. पाऊस सरून दिवस लहान होऊ लागले की कोंबडी मानेपासून पिसं गाळते, ओंगळ दिसते आणि दोन-तीन महिने अंडं देत नाही. कुणाला त्याचं नवल वाटत नाही. त्याच घराच्या ओटीवर टांगलेल्या पिंजऱ्यात मात्र चार हिरवी पिसं पडली की सगळे घाबरतात. दोन्हीकडे घडतं ते एकच. झिजलेलं पीस जातं आणि त्याच जागी नवं उगवतं.

पिंजऱ्यात बहुधा बजरीगर असतो. दुकानात त्यालाच 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा आणि वेगळा. (आपला देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, म्हणून तो इथे नाही.) बजरीगर साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पहिल्यांदा पिसं गाळतो. कपाळावरच्या आडव्या काळ्या रेघा तेव्हाच जातात. तुरेवाल्या कॉकाटीलची पाळी सहाव्या महिन्याच्या आसपास येते.

पुढे हे वर्षातून एक-दोनदा होतं, आणि त्याची वेळ ठरते दिवसाच्या लांबीवरून. इथेच आपली पहिली चूक होते. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते. नाताळात तर ओटीवर चांदण्या आणि दिव्यांच्या माळा, त्याखालीच पिंजरा. पक्ष्याला रात्र झाल्याचं कळतच नाही आणि गळती लांबत जाते. दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळेल अशा खोलीत संध्याकाळी पिंजरा हलवा.

निरोगी पक्ष्याच्या पंखांची मोठी पिसं डावी-उजवी अशी जोडीने, थोडी थोडी गळतात, म्हणून त्याला उडता येतं. उडताच येत नसेल किंवा उघडी कातडी दिसत असेल, तर ही नेहमीची गळती नव्हे.

आठवडाभरात डोक्यावर, मानेवर काटे आल्यासारखं दिसतं. हे पिसांचे कोंब. त्यांच्यावर नखासारख्या पदार्थाचं पातळ आवरण असतं. पक्षी ते चोचीने सोलतो आणि त्याचा पांढरा भुसा खाली पडतो. तो कोंडा समजून कुणी खोबरेल चोळतं. कृपा करून तसं करू नका. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही, आणि पक्षी ते तेल चाटतो ते वेगळंच. उथळ ताटलीत पाणी ठेवा, तो स्वतःच आंघोळ करील. डोक्यावरचे कोंब त्याला सोलता येत नाहीत, ते काम जोडीदार करतो. एकटा असेल तर दांडीवर डोकं घासतो. तो आजार नाही.

वाढत्या कोंबात रक्त असतं. तो मोडला तर धार लागते. पस्तीस ग्रॅमच्या बजरीगरच्या अंगात रक्त असतं जेमतेम तीन मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही. कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ फडक्याने हलकेच दाबून धरा. थांबलं नाही तर लगेच डॉक्टरकडे.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. नुसत्या राळ्या-बाजरीवर ते नीट उगवत नाही. उकडलेल्या अंड्याचा चुरा, भिजवलेले मूग, शेवग्याचा पाला, कोथिंबीर द्या. अंडं तासाभरात काढून घ्या. पावसाळ्यात आपल्या खारट, दमट हवेत दाण्यांना फार लवकर बुरशी धरते. वास आला की सरळ फेकून द्या.

आता खरी पारख. छाती बोडकी आणि डोकं शाबूत असेल, तर पक्षी स्वतःच पिसं उपटतोय, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही. एकटेपणा, अपुरा पिंजरा, खाज, कधी यकृताचा आजार, असं काहीही मागे असतं. डोक्याचीच पिसं गेली असतील, तर सोबत्यावर किंवा आजारावर संशय घ्या. पिवळ्या-पांढऱ्या कॉकाटीलच्या तुऱ्यामागचं टक्कल मात्र जन्मजात असतं.

रात्री पिंजऱ्यावर पांढरं फडकं टाका. सकाळी त्यावर लाल ठिपके हलताना दिसले तर त्या रक्त पिणाऱ्या गोचिडीसारख्या बारीक किडी. चोचीभोवती स्पंजासारखी खपली धरली तर ती वेगळी कीड. औषध वजनावर मोजून द्यायचं असतं. कुत्र्याच्या औषधाचा थेंब बजरीगरचा जीव घेऊ शकतो. नवी पिसं आखडलेली, वाकडी येत असतील तर विषाणूची शक्यता धरा. तो पक्षी वेगळा ठेवा, आणि नवा आणलेला पक्षीही महिनाभर दुसऱ्या खोलीत.

गावातले डॉक्टर बहुधा गाई-म्हशी आणि कुत्री बघतात. पक्ष्यांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. वसईहून लोकलने निघायचं तर गर्दीची वेळ टाळून, पिंजरा कापडाने झाकून न्या. निघण्याआधी पिंजरा घासूनपुसून स्वच्छ करू नका. तळाचा कागद विष्ठेसकट तसाच राहू द्या आणि पडलेली पिसं पुडीत बांधून घ्या. डॉक्टर आधी तेच मागतील.