घसरण्याचे व्याकरण

जिन्याच्या गुळगुळीत कठड्यावरून घसरत खाली येण्याचा उद्योग लहानपणी ज्याने केला नाही, असा माणूस विरळा. त्या उद्योगासाठी मराठीला 'घसरणे' हे एकच क्रियापद पुरते. पोटावर घसरला काय किंवा एका बाजूला पाय सोडून बसून घसरला काय, आईला 'कठड्यावरून घसरत होता' एवढेच सांगितले जाते. मात्र जगात काही माणसे अशी आहेत, की ज्यांना एवढ्या माहितीवर काहीच कळत नाही. ते विचारतील : पुढच्या पायावर की मागच्या? तळव्याच्या बाहेरच्या कडेवर की आतल्या? उडी घेताना गिरकी कुठल्या बाजूला घेतली? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांच्याकडे शब्द आहे, आणि ते शब्द एकमेकांना जोडण्याचे नियमही आहेत. त्या शब्दांचा आणि नियमांचा हा परिचय.

ही माणसे 'अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंग' करणारी. इनलाइन म्हणजे एका रेषेत चाके असलेले स्केट. कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये पतीब्लेद नावाच्या गृहस्थाने 1819 मध्ये अशा स्केटचे पेटंट घेतले होते. पुढे 1863 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स प्लिम्प्टनने दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे, सहज वळणारे स्केट आणले आणि एकरेषीय चाके जवळजवळ विस्मरणात गेली. त्यांचे पुनरुज्जीवन झाले 1980 मध्ये, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरात. स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन हे बंधू आइस हॉकी खेळणारे. बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव कसा करायचा, या अडचणीतून त्यांनी एका जुन्या नमुन्यावरून नवे स्केट तयार केले. त्यातून 'रोलरब्लेड' ही कंपनी उभी राहिली. बर्फाला पर्याय म्हणून जन्मलेली ही वस्तू कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या हाती पडली, आणि 1990 च्या सुमारास तिचा उपयोग पार बदलला. ते चाकांवर चालेनात. चाके टाळून कठड्यांवरून, ओट्यांच्या कडांवरून घसरू लागले. या घसरण्याला त्यांनी नाव घेतले 'ग्राइंड', म्हणजे घासणे. शब्द स्केटबोर्डवाल्यांचा. बोर्डाखालचा धातूचा आस रिकाम्या जलतरण तलावाच्या काठावर घासत नेण्याला ते ग्राइंड म्हणत.

दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. स्केटबोर्ड ही एक फळी. दोन्ही पाय तिच्यावर, म्हणून पट्टीला टेकणारी वस्तू एकच. इनलाइन स्केटमध्ये दोन पाय म्हणजे दोन स्वतंत्र वस्तू. एक पाय एका भागावर आणि दुसरा वेगळ्याच भागावर टेकवता येतो, किंवा एक पाय हवेतही ठेवता येतो. पुढच्या साऱ्या शब्दसंपत्तीचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

आधी स्केटची रचना पाहू. बुटाखाली लांबट चौकट, तिच्यात चार चाके. सुरुवातीच्या स्केटमध्ये चाके एकमेकांना खेटून असत, त्यामुळे पट्टी मध्ये अडकायला जागाच नसे. मग मुलांनी चौकटी करवतीने कापल्या, मधली चाके काढली, धातूच्या पट्ट्या ठोकल्या. हा गॅरेजमधला उद्योग कंपन्यांनी पाहिला आणि उत्पादनात आणला. आजच्या स्केटमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकांच्या मध्ये चौकटीला खाच असते. बुटाच्या तळाशी, बाहेरच्या बाजूला थोडी पुढे आलेली कडक प्लास्टिकची पट्टी असते. चाके 60 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फिरायला जायच्या स्केटपेक्षा बरीच लहान आणि कठीण. 1990 च्या दशकाच्या अखेरीस चौकट आणि बूट जोडण्याचे एक सामाईक माप ठरले. त्यामुळे एका कंपनीच्या बुटाला दुसऱ्या कंपनीची चौकट बसू लागली.

तळाच्या त्या पट्टीचे नाव इंग्रजीत उच्चारी 'सोल'. त्या उच्चाराचे दोन शब्द आहेत : एक तळव्याचा, दुसरा आत्म्याचा. या मंडळींनी स्पेलिंग मुद्दाम आत्म्याचे घेतले. देवनागरीत हा श्लेष दिसत नाही. लेखनात दोन्ही सारखेच.

घसरताना नेमके काय होते, तेही पाहू. सपाट पट्टीवर घर्षण वेग खाते. उतरत्या पट्टीवर गुरुत्वाकर्षण वेग वाढवते आणि घर्षण तो कमी करते. कोण जिंकते ते उतारावर ठरते. घर्षणाचा गुणक 0.2 धरला, तर सेकंदाला 4 मीटर वेगाने सपाट पट्टीवर आलेला स्केटर साधारण 4 मीटरवर थांबेल. तोच वेग घेऊन तो 30 अंशांच्या जिन्याच्या कठड्यावर चढला, तर 5 मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 7 मीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटर झालेला असेल. आणि हे सगळे चार बोटे रुंदीच्या नळीवर तोल सांभाळत. खडबडीत दगडी कडांवर ही मंडळी मेणबत्तीचे मेण घासतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून. मेण कमी पडले तर पाय अचानक अडकतो आणि शरीर पुढे फेकले जाते. जास्त झाले तर पाय पुढे निसटतात आणि माणूस पाठीवर पडतो.

आता भाषेकडे. सर्वांत साधा ग्राइंड म्हणजे दोन्ही पायांच्या मधल्या खाचा पट्टीवर आडव्या टेकवणे. पट्टीकडे तोंड करून वळले तर 'फ्रंटसाइड', पाठ करून वळले तर 'बॅकसाइड'. हे शब्द मूळचे समुद्रातले. लाटेकडे तोंड आहे की पाठ, हे सांगण्यासाठी सर्फिंग करणारे ते वापरत. तिथून ते स्केटबोर्डवर आणि मग इथे आले. खाचांच्याच कुळात 'रॉयाल' आहे, ज्यात दोन्ही पावले एका बाजूला कललेली असतात. 'युनिटी'त पाय एकमेकांवरून ओलांडलेले असतात. 'बॅकस्लाइड'मध्ये फक्त मागच्या पायाची खाच पट्टीवर असते आणि पुढचा पाय हाताने वर धरलेला असतो; 'फास्टस्लाइड'मध्ये याच्या उलट, फक्त पुढचा पाय टेकलेला.

दुसरे कूळ सोलचे. मागचा पाय तळपट्टीच्या बाहेरच्या कडेवर आणि पुढच्या पायाची खाच पट्टीवर आडवी, याला म्हणायचे 'सोल'. पायांची अदलाबदल केली, म्हणजे तळपट्टीवर पुढचा पाय आणि खाचेवर मागचा, की झाला 'मिझू'. खाचेचा पाय पट्टीवरून उचलून एकट्या तळपट्टीवर घसरले की 'माकिओ'. हे या भाषेतले तीन धातू समजा.

धातूंना उपसर्ग लागतात. नेहमीच्या सोलमध्ये चाकांची चौकट स्केटर जिथून आला त्या बाजूला राहते. पाय पट्टी ओलांडून नेला आणि चौकट पलीकडच्या बाजूला लोंबू दिली, तर उपसर्ग लागतो 'टॉपसाइड'. यात घोटा बराच जास्त वाकवावा लागतो. तळपट्टीच्या बाहेरच्या कडेऐवजी आतल्या कडेवर घसरले तर 'निगेटिव्ह'. उडी मारताना अर्धी गिरकी घेऊन पाठमोरे घसरत गेले, तर गिरकीच्या दिशेप्रमाणे 'अ‍ॅलीऊप' किंवा 'ट्रूस्पिन'. आणि जो पाय सवयीचा नाही तो पुढे करून हेच केले तर 'स्विच'. डावखुऱ्याने उजव्या हाताने अक्षर काढावे, तशातला हा प्रकार.

हिशेब सोपा आहे. तीन धातू, साधे आणि टॉपसाइड मिळून 6, बाहेरची आणि आतली कड मिळून 12, सरळ येणे आणि दोन प्रकारच्या गिरक्या मिळून 36, सवयीचा आणि बिनसवयीचा पाय मिळून 72. एकाच कुळातून, सात-आठ शब्दांच्या भांडवलावर, कागदावर बहात्तर वेगळ्या क्रिया! यातल्या काही जवळजवळ अशक्य आहेत, पण शब्द मात्र त्यांच्यासाठी आधीच तयार आहे. 'स्विच अ‍ॅलीऊप टॉपसाइड सोल' हे नाव एखाद्याने पहिल्यांदाच ऐकले, तरी शरीर कुठे, पाय कुठे, कड कोणती, हे त्याला कळते. कधी न ऐकलेले वाक्य आपल्याला कळते, तसेच हे.

या नियमबद्ध भाषेत अपवादही आहेत. 'टॉपसाइड सोल' असे नियमाने म्हणतात. 'टॉपसाइड मिझू' मात्र सहसा कोणी म्हणत नाही. त्याला 'स्वेटस्टान्स' असे स्वतंत्र नाव आहे. 'टॉपसाइड माकिओ'ला म्हणतात 'फिशब्रेन', म्हणजे शब्दशः माशाचा मेंदू. मूळ धातूचा मागमूसही त्यात नाही. नवशिक्या इथे अडखळतो.

आपल्याला यात नवल वाटायला नको. 'बसणे'चे 'बसला', 'उठणे'चे 'उठला' होते. पण 'जाणे'चे 'जाला' होत नाही, 'गेला' होते. 'असणे'चा भूतकाळ 'होता'. अनियमित रूपे कोणत्या क्रियापदांची असतात? जाणे, असणे, करणे, देणे, घेणे, खाणे. म्हणजे जी दिवसातून शंभर वेळा तोंडी येतात त्यांची. रोजच्या वापरातले शब्द नियमांना जुमानत नाहीत, कारण ते नियमाने तयार करावे लागत नाहीत. आयते जिभेवर असतात. स्केटरांच्या भाषेतही तेच झालेले दिसते. फिशब्रेन हा अत्यंत लाडका ग्राइंड आहे. हवेतल्या पायाला हाताने धरून, खाली बसून, एकाच पायावर घसरत जाणारा स्केटर दिसतोही देखणा. एखाद्या ग्राइंडला नियम मोडून स्वतःचे नाव मिळाले असेल, तर त्यावर लोकांचे प्रेम आहे असे खुशाल समजावे.

ही नावे ठरवायला कोणतीही परिषद बसली नव्हती. 1990 च्या दशकात ती व्हिडिओ कॅसेटींतून आणि छोट्या नियतकालिकांतून पसरली. 'व्हिडिओग्रूव्ह' ही कॅसेटींची मालिका आणि 'डेली ब्रेड' हे मासिक ही त्यांतली दोन ठळक नावे. मराठीतल्या लघु-अनियतकालिकांची चळवळ ज्यांना आठवते, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. थोडे वाचक, कमी पैसे. आणि आपली भाषा आपण ठरवणार हा हट्ट.

याच काळात दूरचित्रवाणी आली. 1995 मध्ये र्‍होड आयलंडमध्ये पहिले 'एक्स्ट्रीम गेम्स' झाले, जे पुढे 'एक्स गेम्स' म्हणून ओळखले गेले. त्यात इनलाइन स्केटिंगला मानाचे स्थान होते. आर्लो आयझेनबर्ग, ब्राझीलची फाबिओला दा सिल्वा, जपानचे यासुतोको बंधू ही नावे घरोघरी पोचली. दहा वर्षांच्या आतबाहेर वारे फिरले आणि 2000 च्या दशकाच्या मध्यावर हा खेळ एक्स गेम्समधून वगळला गेला. दुकानांतून स्केट कमी झाले, कंपन्या बंद पडल्या.

कारणे आर्थिक होतीच. पण मला त्यात भाषेचाही भाग दिसतो. उंच उतारावरून हवेत घेतलेल्या दोन कोलांट्या कोणालाही दिसतात आणि मोजता येतात. ग्राइंडचे तसे नाही. साधा सोल आणि स्विच सोल पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. एकामागे महिनाभराची मेहनत असते आणि दुसऱ्यामागे कदाचित पाच वर्षांची. तो फरक डोळ्यांना दिसत नाही, फक्त नावातून कळतो. ज्याला नाव माहीत नाही, त्याच्यासाठी ती मेहनत घडलेलीच नसते. प्रेक्षकांना चित्र मिळाले, पण चित्र वाचण्याची भाषा मिळाली नाही.

तरीही खेळ संपला नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला 'विंटरक्लॅश' या स्पर्धेसाठी देशोदेशीचे स्केटर जमू लागले. जॉन ज्युलिओसारख्या जुन्या स्केटरांनी स्वतःच्या छोट्या कंपन्या काढल्या. 'वर्ल्ड स्केट' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या क्रीडाप्रकारांत 'रोलर फ्रीस्टाइल' या नावाने त्याला जागा आहे. नवे स्केटर आले तेव्हा त्यांना बहात्तर नावे पाठ करावी लागली नाहीत; तीन धातू, चार-पाच उपसर्ग आणि दोन अपवाद पुरले. बाकीचे त्यांनी स्वतः जुळवले. पडत्या काळात या खेळाला तारले ते अशा व्याकरणानेही, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मल्लखांबाचीही अशीच शब्दसंपत्ती आहे : आढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा. ती बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'त नोंदवली, म्हणून ग्रंथालयात सापडते. पण 'दसरंग' वाचून अंगाला काही जाणवते ते ज्याने खांबाला पाय लावला आहे त्यालाच. कोश शब्द जपतो, पण शब्दाचा अर्थ शरीराकडे असतो. शरीराने केलेल्या गोष्टी क्षणात संपतात, मागे फक्त नाव उरते. आणि ते नाव ऐकून उडी घेणारा कोणी तरी शिल्लक आहे, तोवरच ते जिवंत असते.