डेस्कटॉपच्या मागचा लॅन पोर्ट खरंच जाणार आहे का?



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक झाली. विषय एकच होता, संगणक कक्ष. जुन्यातले निम्मे संगणक बंद आहेत आणि उरलेले सुरू होईपर्यंत तासिका संपायला येते. यंदा गावाने लोकवर्गणी जमवली, दहा संगणक येतील एवढे पैसे झाले. सटाण्यातून दोन कोटेशनं मागवली. एकात नेहमीचे डेस्कटॉप होते, मॉनिटर वेगळा, सीपीयूचा डबा वेगळा, आणि शेवटी लॅन वायरिंगचा खर्च स्वतंत्र लिहिलेला. तो खर्च जवळपास एका संगणकाएवढा! म्हणजे वायर घेतली की दहाचे नऊ होणार. दुसऱ्या कोटेशनात पडद्यातच सगळं बसवलेले ऑल-इन-वन होते. दिसायला छान, जागा कमी, आणि मागे लॅनचा पोर्टच नाही. दुकानदारांचं म्हणणं होतं, "मॅडम, लॅन आता जुनं झालं. दोन-चार वर्षांत डेस्कटॉपलाही ते भोक राहणार नाही. वायरीत पैसे कशाला घालता?"

बैठकीत एका पालकांनी तेच विचारलं. "आमच्या घरी टीव्ही, मोबाईल सगळं वायफायवर चालतं. मग शाळेलाच वायर कशाला?" प्रश्न रास्त होता आणि पैसे त्यांचेच होते. मला नीट उत्तर देता आलं नाही. मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे वाचलं, करून बघितलं, ते इथे मांडते आहे. इतर शाळांपुढेही हाच प्रश्न येणार आहे.

आधी ते भोक म्हणजे काय ते बघू. टेलिफोनच्या पिनेपेक्षा थोडं रुंद, आत आठ सोनेरी तारा. त्यात लॅन केबलची पिन घातली की 'कट्' आवाज होतो. केबल सोलून बघा, आत आठ बारीक तारा निघतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ शोभेचा नाही. शेजारून विजेची वायर गेली, मोटार सुरू झाली की तारेत गडबड शिरते. पिळामुळे ती जोडीतल्या दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखी असलेली गडबड आपोआप वजा होते. पिळलेल्या जोडीचं पेटंट ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्ये घेतलं होतं, टेलिफोनसाठी. म्हणजे आपण जिला जुनी म्हणतो ती युक्ती खरोखरच जुनी आहे, पण अजून कामाची आहे.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं आधी वायर होती, मग वायरलेस आलं. संगणकांच्या जाळ्याच्या बाबतीत हे काहीसं उलटं घडलं. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने 1971 मध्ये बेटाबेटांवरची केंद्रं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. सगळी केंद्रं एकाच रेडिओ लहरीवर बोलायची, दोघं एकदम बोलले की निरोप बिघडायचा, मग थोडं थांबून पुन्हा पाठवायचा. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याचा अभ्यास केला आणि 1973 मध्ये हीच पद्धत सुधारून तारेवर आणली. नाव दिलं इथरनेट. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं जुने शास्त्रज्ञ मानायचे, त्या 'ईथर'वरून. डेव्हिड बॉग्ज त्यांचे जोडीदार होते. मेटकाफ यांना या कामासाठी 2022 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग रेडिओ सोडून तारेवर का आले? हे मुलांना समजावण्यासाठी मी सातवीच्या वर्गात एक खेळ घेतला. तुम्हीही घ्या, पंधरा मिनिटांत होतो. प्रत्येकाला चिठ्ठीवर एक चार अंकी संख्या द्यायची. ती मला मोठ्याने सांगायची आणि मी फळ्यावर लिहायची. नियम असा की आधी कान द्यायचा, वर्ग शांत असेल तरच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं, सापशिडीचा फासा टाकायचा आणि जेवढा आकडा पडेल तेवढ्या टाळ्या मनात मोजून मग पुन्हा प्रयत्न करायचा. पाच मुलं होती तेव्हा सगळं अर्ध्या मिनिटात आटोपलं. तीस मुलं घेतली तर नुसता गोंधळ! फळ्यावर संख्या कमी आणि फाशांचा खडखडाटच जास्त. शेवटी एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, त्यापेक्षा प्रत्येकाकडे जाऊन चिठ्ठीच घ्या ना."

तिने जे सुचवलं तेच आजच्या लॅनमध्ये होतं. सुरुवातीचं इथरनेट एकाच सामायिक तारेवर चालायचं, म्हणून तिथेही हा फाशांचा खेळ होता. पुढे मधोमध एक डबा आला, त्याला स्विच म्हणतात (दिव्याचं बटण नव्हे, मुलं हटकून गोंधळतात). प्रत्येक संगणकाची स्वतःची वायर स्विचपर्यंत जाते. कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही, बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं. वायफायला मात्र हवाच वापरावी लागते आणि हवा एकच. नवीन वायफायमध्ये पाळ्या फार हुशारीने वाटल्या जातात, पण पाळ्या असतातच. देवमामलेदारांच्या यात्रेत मोबाईलला रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि तरी फोटो जात नाही, हा अनुभव सटाण्यात कुणाला नाही? तिथलं जाळं वेगळं, कारण मात्र तेच. एकाच हवेत हजारो जण एकदम बोलतात.

शाळेच्या संगणक कक्षात याचा फरक किती पडतो? एक उदाहरण सोडवू. पाचवी-सहावीला घेता येईल असं आहे. आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून पाठांचे व्हिडिओ एका संगणकावर साठवून बाकीच्यांवर पाठवायचे असतात. समजा एक व्हिडिओ 700 मेगाबाइटचा आहे. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून 700 गुणिले 8, म्हणजे 5600 मेगाबिट. दहा संगणकांना पाठवायचा तर 56,000 मेगाबिट. लॅनचा वेग सेकंदाला 1000 मेगाबिट. ज्या संगणकातून व्हिडिओ निघतो त्याची वायर एकच, तरी 56 सेकंदांत काम व्हायला हवं. हार्ड डिस्क जुनी असेल तर दोन-तीन मिनिटं धरा. आता साध्या राउटरच्या वायफायवर प्रत्यक्षात 40 मेगाबिट मिळतात असं धरू. 56,000 भागिले 40 म्हणजे 1400 सेकंद. तेवीस मिनिटं! आमची तासिका पस्तीस मिनिटांची. महागडा राउटर घेतला तर हा आकडा बराच खाली येतो हे खरं, पण मग तो खर्चही कोटेशनात धरायला हवा. दुकानदारांनी तो धरलेला नव्हता.

आता मूळ प्रश्न. हा पोर्ट जाणार का? याआधी कोणते पोर्ट गेले ते आठवून बघा. जुन्या प्रिंटरचा पंचवीस भोकांचा लांबट पोर्ट गेला. कीबोर्ड-माऊसचे जांभळे-हिरवे गोल पोर्ट जवळपास गेले. टेलिफोनची वायर लावायचं मोडेमचं भोक गेलं. फ्लॉपी तर ॲपलने 1998 च्या आयमॅकमध्येच काढून टाकली होती. हे सगळं का गेलं? कारण त्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी जास्त चांगलं आणि सोपं करून दाखवलं. प्रिंटर, कीबोर्ड, माऊस या सगळ्यांचं काम एकट्या यूएसबीने उचललं. वायफायने लॅनचं काम तसं उचललेलं नाही. त्याने वेगळं काम उचललं, ते म्हणजे हिंडत्या फिरत्या यंत्रांचं. मोबाईलला वायर लावून कोण फिरणार?

म्हणूनच पोर्ट आधी लॅपटॉपमधून गेला. त्याला साधं कारण होतं, जाडी. लॅनची पिन जाड, तिच्याभोवतीचा पोर्ट त्याहून मोठा. लॅपटॉप पातळ करायचा तर तो बसणार कुठे? 2008 च्या मॅकबुक एअरमध्ये तो नव्हता, हवा असेल तर यूएसबीला लावायचा वेगळा जोड घ्या असा मामला होता. पुढे बाकीच्या पातळ लॅपटॉपनीही तीच वाट धरली. डेस्कटॉपमध्ये याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे 2021 चा आयमॅक. त्याची जाडी साडेअकरा मिलिमीटर. त्याच्या अंगावर लॅन पोर्ट नाही, पण ॲपलने तो फेकूनही दिला नाही. विजेच्या वायरीवर जो ठोकळा असतो, त्या ठोकळ्यात बसवला. सर्वांत स्वस्त मॉडेलला मात्र तो जास्तीचे पैसे भरून घ्यावा लागायचा. आणि त्याच कंपनीचा 2024 चा मॅक मिनी, तळहातावर मावेल एवढा डबा, त्याला लॅन पोर्ट आहेच.

यावरून माझं मत असं झालं आहे. पडद्यातच सगळं बसवलेल्या स्वस्त घरगुती संगणकांतून हा पोर्ट कमी होत जाईल, काहींतून तो गेलाच आहे. वेगळा डबा असलेल्या डेस्कटॉपमधून तो जाण्याचं कारण मला दिसत नाही. तिथे जागा भरपूर, नेटवर्कची चिप मदरबोर्डवरच बसलेली आणि ती स्वस्त. उलट आता कित्येक मदरबोर्डवर 1000 ऐवजी 2500 मेगाबिटचा पोर्ट येतो. मरायला टेकलेल्या गोष्टीचा वेग कंपन्या कशाला वाढवतील?

आणखी एक गोष्ट बैठकीत कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. घरच्या वायफाय राउटरची मागची बाजू बघा. त्यात वायरच असते! ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. तीही वायरच, काचेची. वायफाय म्हणजे शेवटच्या पाच-दहा मीटरची सोय. शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवायचा शासन निर्णय ऑगस्ट 2024 मध्ये आला. नेटवर्कवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांना चित्र आणि वीज दोन्ही त्या एकाच लॅन केबलमधून जातात. हवेतून वीज कोण पाठवणार?

वायरीचे दोषही सांगते. उंदीर कुरतडतात, आमच्या जुन्या कक्षात कुरतडलेली आहे. पट्टीत न बसवलेली वायर मुलांच्या पायात येते. एका दमात शंभर मीटरच्या पुढे नेता येत नाही. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेलेली तांब्याची केबल धोक्याची असते, वीज जवळ पडली तर त्या वायरीतून झटका संगणकापर्यंत पोहोचू शकतो. दोन इमारती जोडायच्या तर मध्ये फायबर टाकावी. काच वीज वाहून नेत नाही. हा खर्च मात्र वाढतो.

पालकांना घरासाठी म्हणाल तर वायरिंगच्या मागे लागू नका. एक संगणक, दोन मोबाईल, वायफाय पुरेसं आहे. खेड्यात तर हवाही मोकळी असते, शेजारच्यांचे पाच-सहा राउटर मध्ये बोलत नाहीत. फक्त मुलाची ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत असेल त्या दिवशी राउटरपासून संगणकाला थेट वायर लावा. 2017 मध्ये मी अभियोग्यता परीक्षा दिली तेव्हा माझ्या केंद्रावर प्रत्येक संगणकाच्या मागे निळी वायर होती. तेव्हा तिच्याकडे बघायची माझी मनःस्थिती नव्हती, आता आठवते.

पुढच्या बैठकीत मी तेवीस मिनिटांचं गणित फळ्यावर सोडवून दाखवलं. चर्चा लांबली. दोन सदस्यांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच होतं की दहावा संगणक म्हणजे आणखी दोन मुलांना जागा, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. शेवटी नऊ डेस्कटॉप, सोळा पोर्टचा स्विच आणि वायरिंग असं ठरलं. दहावी जागा वायर ओढून मोकळी ठेवली आहे. वायरिंगची थोडी मजुरी वाचवायला पिना आम्हीच बसवल्या. सातवीच्या मुलांनी रंगांचा क्रम दोन दिवसांत पाठ केला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्या चार पिना वाया गेल्या. पाचवी टेस्टरला लावली तेव्हा आठही दिवे ओळीने लागले.