पहिलें फूल आणि पंचवीस वर्षें

डॅफोडिलचें फूल आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें तें इंग्रजी शाळेच्या पाठ्यपुस्तकांतच. वर्डस्वर्थच्या कवितेमुळें नांव तोंडपाठ झालें. फूल मात्र हुंगावयास मिळालें नाहीं! तरी हें घराणें आपणांस अगदींच परकें नव्हे. उर्दू शायरांचा लाडका नर्गिस याच कुळांतला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉल परगणा व त्यापलीकडे समुद्रांत सिली बेटें आहेत. तेथील हिवाळा सौम्य. त्यामुळें लंडनमध्यें थंडीचा कडाका असतांनाच तेथें हीं फुलें उमलतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेटांवरून आगबोटीनें पेन्झान्स व तेथून आगगाडीनें लंडन असा फुलांचा व्यापार सुरू झाला. या व्यापारांत आठवड्याचा उशीर म्हणजे भाव पडलाच. म्हणून 'सोलेल दोर' या नर्गिसाच्या पिवळ्या भावंडास नाताळापूर्वीं फुलविण्यासाठीं बेटकरी शेतांत धूर करीत. धुरांतील एथिलीन वायूमुळें कांद्यांत कळी लवकर धरते, हा उलगडा मागाहून झाला.

पण धुरानें सारें साधत नाहीं. मुळांत जातच लवकर फुलणारी हवी. ती निर्माण करण्याचें काम चिकाटीचें. मातृपुष्पाचे पुंकेसर आधींच खुडावयाचे, दुसऱ्या फुलाचा पराग कुंचल्यानें लावावयाचा व चिठ्ठी बांधून बोंड पिकण्याची वाट पाहावयाची. बीं पेरल्यावर पहिलें फूल यावयास चार-पांच वर्षें लागतात. त्यांतून एखादें रोप मनाजोगें निघालें, तर त्याचा कांदा एकच! साधारण दोन वर्षांत एकाचे दोन होतात असें धरलें, तर हजार कांदे व्हावयास वीस वर्षें. बापानें लावावें आणि मुलानें विकावें, असाच हा धंदा.

त्यांतहि प्रदर्शनांतील परीक्षकांस पाकळ्या सपाट, रेखीव व निर्दोष रंगाच्या लागतात, तर बाजारास लांब दांडा व कळींतच खुडून दूरवर टिकणारें फूल. 'किंग आल्फ्रेड' या जातीनें दोन्ही ठिकाणीं मान मिळविला. 1899 मध्यें तिला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचें अव्वल प्रशस्तिपत्र लाभलें. असा योग विरळा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सूक्ष्म कृमींनीं कांदे पोखरून हा सारा धंदाच बुडविण्याची वेळ आणली. विस्लीच्या बागेंतील जेम्स रॅम्सबॉटम यांनीं कांदे 110 अंश फॅरनहाइटच्या पाण्यांत तीन-एक तास ठेवण्याची युक्ति शोधली. उष्णता थोडी कमी पडली तर कृमि जगतो, थोडी वाढली तर कांदाच शिजतो! आजहि बागाईतदार याच तत्त्वावर चालतात.

कॉर्नवॉलमधील कॅम्बोर्न येथील अॅलेक ग्रे यांची हकीकत मला सर्वांत मौजेची वाटते. बाजारासाठीं लवकर येणारीं फुलें हवींत, म्हणून ते लहान रानटी जातींशीं संकर करूं लागले. 'सिक्लाटॅझ' या क्वचितच बीं धरणाऱ्या जातीच्या एका बोंडांत त्यांना थोडें बीं मिळालें. त्यांतून निघालेलें एक रोप जेमतेम वीतभर उंचीचें. लंडनच्या फूलबाजारास असल्या आंखूड दांड्याचा काय उपयोग? 1949 मध्यें त्याची 'तेत-आ-तेत' या नांवानें नोंद झाली. आज हॉलंडमध्यें डॅफोडिलच्या इतर कोणत्याहि जातीपेक्षां हिचीच लागवड अधिक होते, आणि ती विकली जाते खुडलेल्या फुलांच्या जुडीनें नव्हे, तर खिडकींत ठेवावयाच्या कुंडींतून. त्याच बोंडांतील 'जंब्ली' व 'क्विन्स' हीं तिचीं भावंडेंहि बागांतून टिकून आहेत.