दवंडी आणि चावडी

अमेरिकेतील केबल कंपनीस आपली तार ज्या रस्त्यांखालून व रस्त्यांकडेने न्यावी लागते, ते रस्ते सार्वजनिक असल्यामुळे तिला व्यवसायाची सनद बहुधा नगराकडूनच घ्यावी लागते; आणि या सनदेच्या मोबदल्यात नगराने केवळ रोकड न मागता कंपनीच्या काही वाहिन्याच रहिवाशांसाठी राखून घ्याव्यात, ही तजवीज मला त्या देशाच्या प्रसारणविषयक इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. त्याच तारेवर केंद्र सरकारचे एक फर्मानही चालते: संकट ओढवले की साऱ्या वाहिन्यांत व्यत्यय आणून घरोघर इशारा पोहोचवावा. हा इशारा म्हणजे दवंडी, तर त्या राखीव वाहिन्या म्हणजे चावडी.

दवंडीचा वंश जुना आहे. शत्रूच्या विमानांनी नभोवाणी केंद्रांच्या लहरींवरून लक्ष्याचा माग काढू नये, या चिंतेतून १९५१ साली तिचा आरंभ झाला. १९६३ मध्ये तिचे रूप पालटले. आणि सध्याची ‘इमर्जन्सी अलर्ट सिस्टीम’ १९९७ मध्ये प्रसारण केंद्रांवर, तर १९९८ च्या अखेरीस मोठ्या केबल यंत्रणांवर अमलात आली. कंपनीच्या मुख्य केंद्रातील एक पेटी नेमून दिलेली किमान दोन प्रसारणे अहोरात्र ऐकत असते, आणि त्यांत कर्कश खरखरीचे तीन झटके आले, की त्या खरखरीत दडलेला मजकूर वाचू लागते: इशारा कोणाचा, कशाचा, कोणत्या मुलुखासाठी आणि किती वेळाचा. चक्रीवादळाच्या सोंडेचा असेल तर टी-ओ-आर ही तीन अक्षरे. ओक्लाहोमा राज्यातील ओक्लाहोमा काउंटीसाठी असेल तर ०४०१०९ हा आकडा. आकडा परक्या मुलुखाचा असल्यास पेटी मुकाट राहते. आपला असल्यास ८५३ व ९६० हर्ट्झ या दोन स्वरांचा, कानास मुद्दाम बोचेल असा, संयोग किमान आठ सेकंद घुमतो, दोन मिनिटांच्या मर्यादेत निवेदन होते, आणि आणखी तीन झटक्यांनी मामला आटोपतो.

यंत्र मात्र मालक ओळखत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत मोंटाना राज्यातील ग्रेट फॉल्स येथे प्रेते कबरींतून उठून जिवंतांवर हल्ले करीत असल्याचा इशारा दूरचित्रवाणीवर रीतसर प्रसृत झाला, आणि त्याचे कारण काय, तर पेटीबरोबर कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता!

चावडीची कहाणी अधिक वळणांची आहे. व्हर्जिनियातील डेल सिटी येथे १९६८ साली अशी पहिली लोकवाहिनी चालली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये तशा वाहिन्या सुरू झाल्या, आणि त्याच वर्षी जॉर्ज स्टोनी व रेड बर्न्स यांनी तेथील विद्यापीठात सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा देण्याचे केंद्र उघडले. १९७२ मध्ये केंद्र सरकारच्या दळणवळण आयोगाने या वाहिन्या सक्तीच्या केल्या. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरविली. अखेर १९८४ च्या कायद्याने त्या मागण्याचा अधिकार नगरांना दिला, सनदेचा मोबदला ढोबळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, आणि या वाहिन्यांवर कोण काय बोलतो यात कंपनीने हात घालू नये असे बजावले. या मोकळिकीत बाष्कळपणाही पुष्कळ शिरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बर्लिंग्टनचे तत्कालीन महापौर बर्नी सँडर्स १९८६ ते १९८८ या काळात ध्वनिक्षेपक घेऊन बाजारात हिंडत, पोराटोरांनाही प्रश्न विचारीत, ते याच वाहिनीसाठी.

दवंडीला चावडीवाचून पुरतेपणा नाही, असे माझे मत आहे. दोन मिनिटांत ‘पूर येत आहे’ एवढे सांगून होते. कोणता पूल बंद, निवारा कोणत्या शाळेत, पाणी उकळून प्यावे की नाही, हे तासन् तास सांगत बसण्याची सवड व आस्था नगराच्या वाहिनीलाच असते. उलट स्थानिक केंद्राचा वार्ताहर वादळाचा नकाशा दाखवीत असतानाच केबलचा आंधळा इशारा त्यावर आदळतो, अशी केंद्रांची तक्रार होती. म्हणून लेखी कराराने अशा वाहिन्यांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवावी लागली.

आता गिऱ्हाइके केबल तोडून इंटरनेटवरील करमणुकीकडे वळत आहेत, आणि ती पुरविणाऱ्या कंपन्यांना ही दवंडीही बंधनकारक नाही आणि सहसा नगराची सनदही लागत नाही. इशाऱ्याला २०१२ पासून मोबाइल फोनचा मार्ग मिळाला. स्टुडिओचे भाडे आणि तंत्रज्ञाचा पगार ज्या पाच टक्क्यांतून भागतो, ते मात्र दरसाल आटत चालले असून, ही तूट नव्या कंपन्यांकडून वसूल करावी अशी विधेयके मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात मांडली गेली आहेत.