मोरपिसातला निळा रंग कुठे असतो?

गोपाळकाल्याला ठाण्यात टेंभी नाक्याची दहीहंडी बघायला बाबांच्या खांद्यावर बसून आलेल्या बाळकृष्णांच्या डोक्याला मोरपीस असतंच. ते निळं दिसतं, म्हणजे त्यात निळा रंग असणार, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पिसात असतं मेलॅनिन, आपले केस काळे करणारं द्रव्य. पीस पाण्याने भिजलं की रंग जातो, हे रॉबर्ट हूकने 1665 सालीच ‘मायक्रोग्राफिया’त नोंदवलं होतं. कुठलं रंगद्रव्य पाण्याने असं वागेल?

पिसाच्या तंतूंत मेलॅनिनच्या कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. निळ्या भागात दोन कांड्यांमधलं अंतर साधारण 140 नॅनोमीटर, हिरव्यात 150, पिवळ्यात 165. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 साली ही मापं मांडली. माल तोच, रचनेचं अंतर बदललं की रंग बदलतो.

मग सगळा खेळ मोजपट्टीचाच? तेही नाही. अंतरं मोजणं हे भूमितीचं काम. काय कशाला जोडलंय, हा प्रश्न टोपॉलॉजीचा. ‘कैसर-ए-हिंद’ फुलपाखराच्या हिरव्या खवल्यात गायरॉइड नावाची रचना असते. ॲलन शोन या भौतिकशास्त्रज्ञाने नासात काम करताना 1970 साली ती मांडली. एकच अखंड वळणदार पडदा जागेचे दोन चक्रव्यूह करतो. नवरात्रात दर्शनाच्या दोन रांगा बांबूंनी वेगळ्या केलेल्या असतात तसं, पण इथे दोन रांगांची गाठ कुठेच पडत नाही. खवल्यात एका चक्रव्यूहात कायटिन (कीटकांच्या कवचातलं द्रव्य), दुसऱ्यात हवा.

सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहिला की रचना कळते, हा गैरसमज तर अभ्यासकांनाही महागात पडला. जिलबी आडवी चिरून बघा: सुटे ठिपके दिसतील, वेटोळं एकच आहे हे कळणार नाही. कापांवरून या खवल्यांबद्दलही वेगवेगळे अंदाज बांधले गेले. येल विद्यापीठातले विनोदकुमार सरनाथन आणि सहकाऱ्यांनी खवले न कापता त्यांतून क्ष-किरण सोडले आणि 2010 साली गायरॉइडवर शिक्कामोर्तब केलं.

हे फुलपाखरू ठाण्याजवळच्या येऊरला शोधत बसू नका, ते पूर्व हिमालयातलं. कोशात असताना खवल्याच्या पेशीतले पडदे दुमडून गायरॉइडचा साचा तयार होतो, त्याच्या एका बाजूला कायटिन भरतं. मग पेशी मरते, आणि तिच्या जागी हवा राहते.